खुब्याचा सांधा बदलल्यानंतर: रुग्ण आणि नातेवाईक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्रक्रिया नाशिकला झालेली असो, मुंबईला, सुरतेला किंवा जळगाव-धुळ्यातच, तीन ते पाच दिवसांत रुग्ण घरी येतो आणि घरच्यांचे खरे प्रश्न तेव्हापासून सुरू होतात. रुग्णालयातील खाट उंच असते, कमोड असतो आणि हाताला धरणारी परिचारिका असते. खानदेशातल्या घरात मात्र जेवण, स्वयंपाक, आंघोळ, पूजा आणि गप्पा या सगळ्यांची जागा जमिनीवर असते. म्हणून सांधा उत्तम बसवला गेला तरी तो पुढे कसा वागेल, हे बऱ्याच अंशी घराच्या मांडणीवर आणि पहिल्या तीन महिन्यांतील व्यायामावर ठरते. खालील उत्तरे सर्वसाधारण आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर वेगळे काही लिहिले असेल, तर त्यांचेच म्हणणे पाळावे.

शस्त्रक्रियेत नेमके काय बदलले जाते?

मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक आणि ते ज्यात फिरते ती कमरेच्या हाडातील वाटी, या दोन्हींचा मिळून खुब्याचा सांधा होतो. संपूर्ण सांधेबदलात झिजलेले गोल टोक काढून त्या जागी धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात. हा गोळा मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवलेल्या धातूच्या दांड्यावर टेकलेला असतो. वाटीच्या जागी नवी वाटी येते आणि तिला आतून विशिष्ट प्रकारच्या प्लास्टिकचे किंवा सिरॅमिकचे अस्तर असते. या शस्त्रक्रियेचे आजचे रूप इंग्लंडमधील सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास घडवले. तपशील पुष्कळ बदलले असले तरी मूळ रचना तीच आहे.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की धातू पहिल्या दिवसापासून मजबूत असतो, पण त्याला जागेवर धरून ठेवणारे स्नायू आणि सांध्याभोवतीचे आवरण शस्त्रक्रियेत कापून किंवा बाजूला सारून पुन्हा जोडलेले असते. ते भरून यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. बंधने असतात ती या मुदतीसाठी.

रुग्णालय सोडण्यापूर्वी डॉक्टरांना काय विचारून घ्यावे?

दोन गोष्टी विचाराव्यात आणि कार्डावर लिहून घ्याव्यात. सांधा कोणत्या बाजूने उघडला, मागून, बाजूने की पुढून. आणि पायावर किती भार द्यायचा. गावी परतल्यावर तालुक्याच्या ठिकाणचे फिजिओथेरपिस्ट हेच दोन प्रश्न प्रथम विचारतात. कार्डावर उत्तर नसले, तर त्यांना अंदाजाने काम करावे लागते किंवा फोन लागेपर्यंत थांबावे लागते.

उभे कधी राहायचे? इतक्या लवकर चालवले तर सांधा निसटणार नाही का?

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर घेऊन उभे करतात. नातेवाइकांना याची भीती वाटते आणि घरी आल्यावर ‘महिनाभर पडून राहा’ असा सल्ला देणारे वडीलधारे प्रत्येक गल्लीत भेटतात. हा सल्ला मायेपोटी दिलेला असला तरी घातक आहे. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा, छातीत कफ साचण्याचा, पाठीला जखमा होण्याचा आणि स्नायू आक्रसण्याचा धोका वाढतो. सरळ उभे राहून समोर चालण्याने सांधा निसटत नाही. तो निसटतो तो खोल वाकण्याने आणि पाय चुकीच्या दिशेने वळवण्याने.

वॉकर किती दिवस वापरायचा आणि काठी कोणत्या हातात धरायची?

पूर्ण भार देण्याची परवानगी असेल तर साधारण तीन ते सहा आठवडे वॉकर, त्यानंतर काही आठवडे काठी, असा क्रम असतो. तारखा पाहून वॉकर सोडू नये. न लंगडता घरातल्या घरात चालता येऊ लागले की सोडावा. काठी नेहमी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची आणि शस्त्रक्रियेच्या पायाबरोबर पुढे टाकायची. उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात. जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीला उलटे करतो, कारण दुखऱ्या बाजूला आधार द्यावा असे मनाला वाटते. पण काठी विरुद्ध हातात धरल्यानेच खुब्यावरचा ताण कमी होतो.

वॉकरच्या पायांचे रबरी बूट झिजले आहेत का, हे दर आठवड्याला पाहावे. गुळगुळीत फरशीवर किंवा नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर झिजलेला बूट घसरतो.

पायऱ्या चढता-उतरताना कोणता पाय आधी टाकायचा?

चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. काठी शस्त्रक्रियेच्या पायाबरोबर ठेवावी. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मग पुढची पायरी. धाब्याच्या जुन्या घरांचे उंबरठे उंच असतात, तिथेही हाच नियम लागू होतो. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय असलेल्यांनी पहिल्या वर्षी खालीच झोपावे. अंधारात, झोपेत आणि कठडा नसलेल्या जिन्याने उतरण्याइतकी त्या थंड झुळुकेची किंमत नाही.

कोणत्या हालचाली टाळायच्या?

सांधा मागच्या बाजूने उघडला असेल, आणि आपल्याकडे ही पद्धत बरीच प्रचलित आहे, तर तीन गोष्टी टाळाव्यात. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नये, म्हणजे बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. पायावर पाय टाकू नये आणि मांड्या एकमेकींवरून ओलांडू नयेत. शस्त्रक्रियेचा पाय आतल्या बाजूला वळवू नये. उभे राहून पाय जागेवर ठेवून कंबर त्या बाजूला फिरवली तरी हीच हालचाल होते, म्हणून वळताना लहान लहान पावले टाकून संपूर्ण शरीर वळवावे. सांधा पुढून उघडला असेल तर नियम जवळजवळ उलटे असतात. तिथे पाय फार मागे नेणे आणि बाहेरच्या बाजूला वळवणे टाळायचे असते. शेजारच्या रुग्णाला दिलेले नियम आपल्याला लागू पडतीलच असे नाही, ते यामुळेच.

बंधने साधारण सहा ते बारा आठवडे असतात. मोठ्या आकाराचे गोळे आल्यापासून काही सर्जन पूर्वीइतकी कडक बंधने घालत नाहीत. त्यांनी तसे स्पष्ट सांगितले असेल तरच सूट घ्यावी.

घरात कोणते बदल करावे लागतात?

हे काम रुग्ण घरी येण्यापूर्वी पूर्ण झाले पाहिजे.

सुरुवात झोपण्याच्या जागेपासून करावी. सुतळीची किंवा नवारीची बाज या रुग्णासाठी योग्य नाही, कारण ती मध्ये खोल जाते आणि उठताना खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकतो. घट्ट गादी असलेला पलंग हवा. पलंग नसेल तर बाजेवर जाड प्लायवुडची फळी टाकून वर गादी घालावी. काठावर बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहतील इतकी उंची असावी. उंची कमी पडत असल्यास पायांखाली खोबणीचे लाकडी ठोकळे लावावेत. विटा लावू नयेत, त्या सरकतात. झोपताना दोन पायांमध्ये जाड उशी असावी. गोधडीची घट्ट घडी करून ठेवली तरी तोच उपयोग होतो.

खुर्ची हात असलेली आणि उंच हवी. प्लास्टिकची खुर्ची बुटकी असते. एकात एक दोन खुर्च्या घातल्या की बैठक थोडी उंच होते आणि खुर्ची मजबूतही होते. सोफा मऊ व खोलगट असेल तर पाहुण्यांसाठी सोडावा. उठताना आधी पुढे सरकावे, शस्त्रक्रियेचा पाय पुढे ठेवावा आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावे. वॉकरला धरून ओढत उठू नये, तो अंगावर येतो.

संडास हा सर्वांत अवघड भाग. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवे बसणे या काळात पूर्णपणे वर्ज्य आहे. कमोड खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत मिळते, मोठ्या गावांत अनेकदा भाड्यानेही मिळते, आणि ती भांड्यावर ठेवता येते. तिचे पाय हलत नाहीत याची खात्री करावी. घरात पाश्चात्त्य कमोड असला तरी तो बुटका असू शकतो. त्यावर बसवायची उंच बैठक वेगळी मिळते. शेतातल्या घरी किंवा वस्तीवर राहणाऱ्यांनी निदान तीन महिने गावातल्या घरी मुक्काम हलवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. परसाकडे उघड्यावर जाणे आणि नवा खुबा यांचा मेळ बसत नाही.

न्हाणीत पाटावर बसून आंघोळ करू नये. उंच प्लास्टिकचा स्टूल, लांब दांड्याचा तांब्या किंवा नळीचा शॉवर, भिंतीला घट्ट बसवलेली पकड आणि पायाखाली न सरकणारी रबरी चटई एवढे पुरते. पायाची बोटे धुण्यासाठी वाकू नये, ते दुसऱ्याने धुवावेत.

स्वयंपाकघरात खाली बसून चुलीवर किंवा जमिनीवरच्या शेगडीवर भाकरी थापणाऱ्या बायका सर्वांत लवकर नियम मोडतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. घरात दुसरे कोणी भाकरी करत नसेल तर त्या दुसरे काय करणार? शेगडी ओट्यावर किंवा टेबलावर आणावी, परात खुर्चीसमोरच्या टेबलावर ठेवावी, रोजचे डबे कमरेच्या उंचीवर लावावेत, आणि पाण्याचा हंडा दुसऱ्या कोणी तरी भरावा. घरातल्या पुरुषांनी हे महिने भाकरी शिकण्यासाठी वापरायला काहीच हरकत नाही.

मांडी घालून जमिनीवर कधी बसता येईल?

पहिले तीन महिने नाही. त्यानंतरचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते. सांध्याचा प्रकार, गोळ्याचा आकार, वाटी कोणत्या कोनात बसली आहे, स्नायूंची ताकद आणि रुग्णाचे वजन, हे सगळे पाहून सर्जन निर्णय देतात. काहींना पुढे मांडी घालून बसण्याची मुभा मिळते. उकिडवे बसण्याची मुभा त्याहून कमी जणांना मिळते. अमुक गावच्या अमुक नानांना सहा महिन्यांत जमते, म्हणून आपल्यालाही जमेल असे समजू नये. जमणे आणि सांध्याला मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांडी घालताना खुबा वाकतो आणि बाहेर वळतो. उठताना तो पुढे झुकून वळतो, आणि धोका बहुधा त्या उठण्यात असतो.

लग्नाच्या किंवा भंडाऱ्याच्या पंगतीत खुर्ची मागण्याचा संकोच वाटतो, हे आम्ही पाहतो. खुर्ची मागावी. परवानगी मिळाल्यावर जमिनीवर बसायचे असेल तर समोर भक्कम खुर्ची धरून चांगला पाय पुढे, शस्त्रक्रियेच्या पायाचा गुडघा जमिनीवर टेकवून खाली जावे आणि उठताना चांगल्या पायावर जोर द्यावा. ही क्रिया पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोरच करावी.

व्यायाम कोणते आणि किती?

पहिल्या दिवसापासून घोट्यापासून पाऊल वर-खाली करणे, जागेपणी दर तासाला दहा-वीस वेळा. हा व्यायाम क्षुल्लक वाटतो, पण पोटरीतील रक्त पुढे ढकलण्याचे काम तो करतो. त्याबरोबर गुडघा बिछान्यात दाबून मांडीचा पुढचा स्नायू आवळणे, दोन्ही कुल्ले आवळून पाच सेकंद धरणे, टाच बिछान्यावरून घासत गुडघा हळूहळू वाकवणे आणि पाठीवर झोपून पाय बाजूला सरकवून पुन्हा मध्यरेषेपर्यंत आणणे. मध्यरेषा ओलांडायची नाही. पाय सरळ ठेवून हवेत उचलण्याचा व्यायाम सुरुवातीला अनेक सर्जन टाळायला सांगतात, कारण त्याने नव्या सांध्यावर बराच ताण येतो. तो मनाने सुरू करू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून उभ्याने पाय बाजूला नेणे, थोडा मागे नेणे आणि गुडघा कमरेच्या खालपर्यंत उचलणे. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. चालणे दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे. संध्याकाळी पाय जास्त ठणकला किंवा सुजला तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे. व्यायाम बंद करू नये.

अडचण पुढे येते. सहाव्या आठवड्यात दुखणे थांबते, रुग्णाला बरे वाटते आणि व्यायाम सुटतो. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा, कंबर सरळ धरून ठेवणारा स्नायू तोपर्यंत अर्धाही सावरलेला नसतो. वर्षानुवर्षे दुखऱ्या पायावर लंगडत चालल्याने तो आधीच दुबळा झालेला असतो, शस्त्रक्रियेने त्याला आणखी धक्का बसतो, आणि त्याची ताकद परत यायला सहा महिने ते वर्ष लागते. दुखणे गेले म्हणजे पुनर्वसन संपले, हा समज आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त नुकसान करतो.

दुखत नाही, तरी चाल डुलती का? आणि पाय लांब झाल्यासारखा का वाटतो?

डुलती चाल बहुधा त्याच स्नायूच्या अशक्तपणामुळे असते. काठी लवकर टाकली तर ती सवय पक्की होते. चाल सरळ होईपर्यंत काठी ठेवावी, लोक काय म्हणतील याचा विचार करू नये.

पाय लांब वाटण्याचे कारण वेगळे आहे. झिजलेल्या सांध्याने पाय आखूड झालेला असतो आणि कंबर त्या बाजूला झुकायला शिकलेली असते. पाय मूळ लांबीवर आला की तो जास्त लांब भासतो. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत हे जाणवेनासे होते, म्हणून त्यापूर्वी दुसऱ्या चपलेला जाड टाच लावण्याची घाई करू नये. खरोखरच फरक उरला तर मोजून टाच लावता येते. एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांना त्रासदायक वाटत नाही.

सूज, ठणका, मालीश आणि शेक यांबद्दल काय करावे?

मांडी, गुडघा आणि पाऊल यांवर सूज येणे, मांडी निळी-काळी दिसणे हे पहिल्या आठवड्यांत अपेक्षित आहे. संध्याकाळची सूज तीन महिन्यांपर्यंत राहू शकते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, दुपारी पाय उंच करून पडावे. तेलाची मालीश, गरम विटेचा शेक, लेप आणि हाडवैद्याकडून पाय ‘बसवून घेणे’ हे सर्व टाळावे. विशेषतः पाय ओढणे आणि पिळणे. जो सांधा सर्जनने मापाने बसवला आहे तो एका झटक्यात निसटू शकतो.

रक्ताच्या गुठळीची लक्षणे कोणती?

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर हा धोका काही आठवडे राहतो, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन बऱ्याचदा पस्तीस दिवसांपर्यंत दिले जाते. घरी आल्यावर ‘आता बरे आहे’ म्हणून ही गोळी बंद करू नये. एकाच पोटरीत दुखणे, ती कडक, गरम व सुजलेली लागणे, अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि पोटरी चोळू नये. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे यांवर घरी वाट पाहायची नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

जखमेची काळजी कशी घ्यावी?

टाके किंवा पिना साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोपर्यंत जखम कोरडी ठेवावी, तिच्यावर हळद, राख, तेल किंवा कोणतीही पावडर लावू नये. पाणी किंवा पू येणे, लाली पसरणे, ताप, थंडी, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, ही सर्व जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी गावातल्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन दिवस काढू नयेत, कारण त्यामुळे संसर्ग आत दबून राहतो आणि नंतर कोणता जंतू आहे हे शोधणे अवघड जाते. थेट सर्जनकडे जावे. मधुमेह असेल तर साखर नियंत्रणात ठेवणे हा जखमेच्या उपचाराचाच भाग समजावा.

आणखी एक गोष्ट, जी कार्डावर क्वचितच लिहिलेली असते. ताप-खोकल्यासाठी कमरेत इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर शस्त्रक्रियेच्या बाजूला घेऊ नये. दंडात किंवा दुसऱ्या बाजूला घ्यावे, आणि डॉक्टरांना आपल्याला सांधा बसवलेला आहे हे आठवणीने सांगावे.

खाण्याचे पथ्य काय? वांगे, भात, आंबट चालते का?

आंबट खाल्ल्याने पू होतो, भाताने जखम चिघळते, वांगे वातूळ असल्याने सांधा धरतो, या समजुतींना आधार नाही. भरीत खावे. शेवभाजीही अधूनमधून चालेल. दुखण्याच्या गोळ्यांनी पित्त होत असेल तर तिखट आणि तर्री कमी करावी. पथ्यापेक्षा पोषणाकडे लक्ष द्यावे. जखम भरायला आणि स्नायू वाढायला प्रथिने लागतात, आणि वयस्कर माणसे नेमकी तीच कमी खातात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, घट्ट वरण, मटकी-हरभऱ्याची उसळ, दूध, दही, खाणाऱ्यांसाठी अंडी आणि मासे, यांपैकी काही ना काही प्रत्येक जेवणात असावे. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, म्हणून पाणी, भाजी आणि केळी हवीत. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन दिले असेल तर पालेभाज्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे, कमी-जास्त करू नये. तंबाखू आणि विडी सोडावी. जखम आणि हाड दोन्ही त्यामुळे उशिरा भरतात.

मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली तर वेगळी काळजी घ्यावी लागते का?

होय. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. घाम जास्त आणि पाणी कमी झाले तर रक्त घट्ट होते, चक्कर येते आणि पडण्याचा धोका वाढतो. चालणे सकाळी आठच्या आत आणि सूर्यास्तानंतर करावे. संडासला जावे लागू नये म्हणून मुद्दाम पाणी कमी पिणारे पुष्कळ रुग्ण असतात, त्यांच्याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेच पाळावे.

सिकलसेलच्या रुग्णासाठी काय वेगळे आहे?

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण सिकलसेलमध्ये, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारात, मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटून ते तरुणपणीच खचू शकते. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर संसर्गाचा आणि इतर गुंतागुंतींचा धोका सर्वसाधारण रुग्णांपेक्षा जास्त असतो. पाणी भरपूर, अंग थंडीपासून जपलेले, अतिश्रम नाहीत आणि रक्ताच्या डॉक्टरांच्या गोळ्या नियमित, ही चार पथ्ये व्यायामाइतकीच आवश्यक आहेत. बर्फाचा शेक या रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नये, थंडीने त्रास उफाळू शकतो. अंगभर दुखणे सुरू झाले तर ते नव्या सांध्याचेच दुखणे आहे असे गृहीत धरून घरी थांबू नये.

आमच्या आजी पडल्या आणि खुबा मोडला म्हणून ‘अर्धा सांधा’ बसवला आहे. त्यांनाही हेच नियम?

अर्ध्या सांध्यात फक्त गोळा बदलतात, वाटी मूळचीच राहते. व्यायाम आणि बंधने जवळपास तीच. फरक एवढा की त्या आधी चालत्या-फिरत्या असल्या तरी अपघाताने, तयारीविना शस्त्रक्रियेला सामोऱ्या गेलेल्या असतात; अशक्तपणा जास्त असतो, रात्री गोंधळ होऊ शकतो आणि पुन्हा पडण्याची भीती मनात घर करते. त्यांना रोज खुर्चीत बसवावे, दिवसातून तीन वेळा चालवावे, चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ ठेवावे. रात्री संडासच्या वाटेवर दिवा हवा. हाडे ठिसूळ झाल्याशिवाय घरातल्या घरात पडून खुबा सहसा मोडत नाही, तेव्हा ठिसूळपणाचे औषध, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. दुसरी बाजू वाचवायची असेल तर हे पुढे ढकलू नये.

मुंबई-नाशिकहून घरी येताना आणि नंतर प्रवास कसा करावा?

मोटारीत पुढच्या सीटवर, सीट पूर्ण मागे सारून आणि पाठ थोडी झुकवून बसावे. आधी पाठमोरे बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत; सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली तर वळणे सोपे जाते. दर तासाला उतरून थोडे चालावे. रेल्वेने यायचे असेल तर खालचा बर्थ हवा. एस.टी.ची पायरी उंच असते, पहिले सहा आठवडे ती टाळलेली बरी. स्वतः मोटार चालवणे साधारण सहा आठवड्यांनंतर, गुंगी आणणाऱ्या गोळ्या बंद झाल्यावर आणि ब्रेकवर पाय जोरात दाबता येऊ लागल्यावर. मोटारसायकलला त्याहून जास्त थांबावे; टांग टाकून चढणे आणि किक मारणे दोन्ही खुब्याला जड आहेत. मागे एका बाजूला पाय करून बसण्यात तोल आणि पीळ दोन्हींचा धोका असतो.

शेतात कधी जाता येईल?

बांधावर जाऊन पाहणे वेगळे आणि काम करणे वेगळे. सपाट वाटेने काठी घेऊन जाणे सहा-आठ आठवड्यांनंतर शक्य होते. बारे देताना चिखलात उभे राहणे, ढेकळांतून चालणे, ट्रॅक्टरवर चढणे आणि बैलगाडीतून उडी मारणे यांसाठी तीन ते सहा महिने थांबावे, उडी तर कायमची सोडावी. कपाशी वेचताना कंबर तासन्‌तास वाकलेली असते. निंदणी तर बसूनच होते. ही कामे पुन्हा करता येतील की नाही हे तपासणीनंतरच ठरवावे. वीस-पंचवीस किलोंचा केळीचा घड खांद्यावर वाहण्याचे काम सोडून देण्याचाच सल्ला आम्ही देतो. सालदारकी किंवा मजुरीवर घर चालणाऱ्याला हे सांगणे सोपे आहे आणि पाळणे कठीण, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच हंगाम आणि घरातला दुसरा हात यांचा विचार करावा.

आखाजीचा झोका, गडाची वारी?

पहिल्या वर्षी झोक्यावर बसू नये. बैठक खाली असते, ती हलते आणि उतरताना तोल जातो. सप्तशृंगी गडाची पायी वारी आणि सुमारे पाचशे पायऱ्या पहिल्या वर्षी टाळाव्यात. दर्शनाची ओढ असेल तर २०१८ पासून तिथे चढावर रुळांवरून नेणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तिने जावे.

पती-पत्नीचे संबंध कधी सुरू करता येतात?

साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर, दुखत नसेल तर, आणि बंधने पाळून. हा प्रश्न संकोचामुळे विचारला जात नाही. डॉक्टरांना विचारल्यास ते योग्य स्थितींबद्दल सांगतात.

खर्चासाठी शासकीय मदत मिळते का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या अटींवर बसते, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) दाखल होण्यापूर्वीच समजून घ्यावे. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथल्या अस्थिरोग विभागात पुढील तपासणी होऊ शकते. फिजिओथेरपीला रोज जाणे परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा जावे, व्यायाम मोबाईलवर चित्रित करून घ्यावेत आणि उरलेले दिवस घरी करावेत. नियमितपणे केले तर पुष्कळांना एवढे पुरते.

सांधा निसटला हे कसे ओळखायचे?

अचानक तीव्र कळ, पाय आखूड झालेला आणि आत किंवा बाहेर वळलेला, आणि त्यावर भार देता न येणे. रुग्णाला उभे करण्याचा किंवा पाय ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये. आहे त्या स्थितीत पायाभोवती उशा लावून रुग्णवाहिकेने न्यावे आणि काही खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते.

नवा सांधा किती वर्षे टिकतो, आणि तपासणी किती वेळा करावी?

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के खुब्याचे सांधे पंचवीस वर्षे टिकतात. वजन, पडणे, संसर्ग आणि जड कामे यांवर प्रत्येकाचे आयुष्य कमी-जास्त होते. साधारण सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष आणि त्यानंतर सर्जन सांगतील त्या अंतराने एक्स-रे काढावा. काही दुखत नसले तरी जावे, कारण अस्तराची झीज किंवा वाटी सैल होणे सुरुवातीला दुखत नाही, फक्त एक्स-रेत दिसते. जुने एक्स-रे फेकू नयेत. सांध्याच्या कंपनीचे, आकाराचे आणि क्रमांकाचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर लावलेले असते. त्याचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. पुढे एमआरआय काढायचा असेल, दाताचे मोठे काम असेल किंवा वीस वर्षांनी सांधा पुन्हा बदलायची वेळ आली, तर डॉक्टर सर्वप्रथम तेच मागतात.